पेनाला डावं-उजवं असतं का?

(कुंभार पिंपळगाव इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय फळ्यावर लिहिलेला आहे : ‘डावखुऱ्याने शाईचं पेन कसं निवडावं?’ तो वाचून दोघा-तिघांनी आम्हाला आत येता येताच विचारलं, की सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता हे पेनाचं काय मधेच काढलंत? प्रश्न रास्त आहे. उत्तर पुढे बोलण्यात येईलच. तूर्त एवढंच सांगतो, की आम्ही स्वतः डावखुरे आहोत आणि साठ वर्षांहून जास्त काळ शाईच्या पेनाने मराठी लिहीत आलो आहोत. ‘डावं’ म्हणजे काय आणि ‘उजवं’ म्हणजे काय, हा प्रश्न आमच्या बाबतीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिरण्याआधी वहीत शिरला होता.

पालक मंडळी हा प्रश्न फार साधेपणाने विचारतात. पोरगं डावखुरं आहे, वरच्या वर्गात गेलं, अक्षर सुधारायला शाईचं पेन सांगितलंय, कोणतं घेऊ? दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो. म्हणजे चाळीस पोरांच्या वर्गात तीन-चार तरी निघणारच. तेव्हा हा एका घरापुरता प्रश्न नाही. त्याला आपल्याकडे तीन उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं, डावखुऱ्यांचं खास पेन मिळतं, ते मागवा. कुणी म्हणतं, शाईच्या भानगडीत पडूच नका, बॉलपेन द्या. आणि जुनी मंडळी म्हणतात, हातच बदला, लहान आहे तोवर वळेल. आज या तिन्ही उत्तरांची समीक्षा करायची आहे. समीक्षा म्हणजे नावं ठेवणं नव्हे. उत्तर कोणत्या गृहीतावर उभं आहे ते उकरून पाहणं.

सुरुवात याच मातीतून करू. जांब आपल्याच घनसावंगी तालुक्यात. समर्थ रामदासांचा जन्म तिथला, १६०८ सालचा. दासबोध आपण पारायणाला लावतो, पण त्यातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास किती जणांनी कामाचा म्हणून वाचला आहे? त्याचं नाव ‘लेखनक्रियानिरूपण’. लिहावं कसं, याचं ते चक्क माहितीपत्रक आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं. काना, मात्रा, वेलांटी आपापल्या जागी नेटकी असावी. ओळीला ओळ लागू नये. पानावर आधी शिशाने रेघा आखून घ्याव्यात. भोवती समास सोडावा. ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत टाक बदलला असं वाटू नये. बोरू निरनिराळ्या देशांचे गोळा करावेत, शाया निरनिराळ्या असाव्यात, तेही आहे. आणि एक फार शहाणपणाची गोष्ट आहे : तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, लिखाण मध्यम ठेवावं. आज आम्ही चष्मा लावून आमच्याच पंचविशीतल्या टिपणवह्या वाचायला बसतो, तेव्हा हा सल्ला किती व्यवहाराचा होता ते कळतं.

या समासावर टीका करायची तर एक जागा सरळ दिसते. तो ब्राह्मणाला उद्देशून सुरू होतो. लिहिणं हे तेव्हा मोजक्यांचं काम होतं. आज या सतरंजीवर बसलेलं प्रत्येक पोर लिहितं आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने दुसरी एक बाब जास्त बोलकी आहे. त्या समासात बोरू आहे, टाक आहे, शाई आहे, कागद आहे, वय आहे, डोळे आहेत. कोणत्या हाताने लिहावं हे मात्र नाही. याचे दोन अर्थ निघतात. एक तर उजवा हात इतका गृहीत होता, की सांगायची गरजच नव्हती. किंवा लिहिणाऱ्याला अक्षर नेटकं हवं, हात कोणता याची चौकशी नको. आपल्या शाळांनी पहिला अर्थ उचलला. आम्हाला दुसरा उचलावासा वाटतो, आणि तो का टिकतो ते आता पाहू.

आधी कागदावर नेमकं काय घडतं ते बघा. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते. उजव्या हाताचा माणूस लिहितो तेव्हा लिहिलेलं मागे राहतं आणि हात पुढे सरकतो. त्याचा हात कोऱ्या कागदावर असतो. डावखुऱ्याचा हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवर येतो. शाई ओली, हात वरून गेला, की अक्षर फासलं आणि करंगळीखालचा तळहाताचा कडेचा भाग निळा झाला. डावखुऱ्याला ओळखायचं तर त्याचा चेहरा बघायची गरज नाही, ती निळी कड बघावी. ही पहिली अडचण.

दुसरी अडचण दिसत नाही, ऐकू येते. उजव्या हाताने आडवी रेघ ओढली जाते. डाव्या हाताने तीच रेघ ढकलली जाते. निबची फट आणि टोक ओढण्यासाठी अनुकूल असतं. ओढताना शाई सहज उतरते. ढकलताना टोक कागदात रुततं, खरखर आवाज येतो, कधी रेघ मधेच कोरडी पडते. नांगर ओढायचा असतो, ढकलायचा नसतो, हे तुम्हाला आम्ही काय सांगणार!

आता पहिल्या उत्तराकडे येऊ. डावखुऱ्यांचं खास पेन. जर्मनीच्या पेलिकन कंपनीने १९६० साली शाळकरी मुलांसाठी ‘पेलिकानो’ काढलं, लामी कंपनीने १९८० साली ‘सफारी’ काढलं. दोन्हींत डावखुऱ्यांसाठी सोय मिळते, कुठे निबमध्ये, कुठे पकडीतही. मंडळी ती मागवतात आणि आपण पोराचा प्रश्न सोडवला अशा समाधानात राहतात. सुटतो का?

इथे आमचं तत्त्वज्ञान उपयोगी पडतं. इमॅन्युएल कांट नावाचा मोठा जर्मन विचारवंत. त्याने १७६८ साली अवकाशातल्या दिशांवर एक छोटा निबंध लिहिला आणि त्यात आपले दोन हात पुढे ठेवले. डावा आणि उजवा हात घ्या. बोटं तितकीच, त्यांची लांबी तीच, एका बोटापासून दुसऱ्याचं अंतर तेच. मापं काढली तर काहीही फरक सापडणार नाही. तरीही एक हात दुसऱ्याच्या जागी बसत नाही. पुढे १७८३च्या पुस्तकात त्याने हातमोज्याचं उदाहरण दिलं : एका हाताचा मोजा दुसऱ्या हातात चढत नाही. कांटला यातून अवकाशाबद्दल फार खोल काही म्हणायचं होतं, ते आज सोडून देऊ. आपण त्याच्याकडून फक्त एक कसोटी उसनी घेऊ. कोणतीही वस्तू आरशासमोर धरा. आरशातली प्रतिमा मूळ वस्तूच्या जागी तशीच बसत असेल, तर त्या वस्तूला डावं-उजवं नाही. बसत नसेल, तर आहे. वाटी, तांब्या, गोल खडू यांना डावं-उजवं नाही. हातमोजा, चप्पल, स्क्रू यांना आहे.

ही कसोटी पेनाच्या एकेका भागाला लावू.

निबचं टोक. नेहमीच्या लिहिण्याच्या निबला टोकावर कठीण धातूचा बारीक मणी असतो, गोलसर घासलेला. मधोमध फट. आरशात धरा, जसाच्या तसा. म्हणजे गोल टोकाच्या निबला डावं-उजवं नाही. तिच्यावर ‘डावखुऱ्यांसाठी’ असा शिक्का असेल, तर त्याचा अर्थ फार तर इतकाच निघतो, की ढकलतानाही गुळगुळीत चालावी म्हणून ती जास्त निगुतीने घासली आहे. ही उत्तम गोष्ट आहे, पण अशी निब उजव्या हातालाही तितकीच चालेल. मग शिक्का कशाचा?

पण टोक तिरकं कापलेलं असेल, तर गोष्ट बदलते. तिरका काप आरशात उलटा दिसतो. इथे डावं-उजवं खरोखर आहे. आणि इथेच एक गंमत आहे. रोमन अक्षरं काढायची रुंद टोकाची लेखणी आणि देवनागरीचा बोरू यांचे तिरके काप एकमेकांच्या उलट असतात. त्यामुळे परदेशी दुकानात डावखुऱ्यांची म्हणून विकली जाणारी तिरकी निब आपल्याकडचे अक्षरकार उजव्या हातात धरून देवनागरीसाठी वापरू शकतात. त्यांच्या लिपीचं डावं ते आपल्या लिपीचं उजवं. म्हणजे डब्यावरचा शिक्का हातापेक्षा लिपीबद्दलच जास्त सांगतो.

पुढचा भाग पकड. काही शाळकरी पेनांना बोटांच्या खाचा असतात. त्या एका बाजूला झुकलेल्या असतील, तर ते पेन हातमोज्यासारखंच झालं. उजव्या हाताचं पेन डावखुऱ्याने घेतलं, की अंगठ्याच्या जागी तर्जनी येते आणि निब वाकडी टेकते. अशा वेळी डावखुऱ्यांची पकड घ्यावी, नाहीतर सरळ साधं गोल पेन घ्यावं. ‘सफारी’ची पकड दोन्ही बाजूंनी सारखीच चपटी आहे, ती दोन्ही हातांना चालते. टोपणाचे आणि दांडीचे आटे मात्र सगळे उजवे. तेवढं आपण सोसतो.

आणखी एक गोष्ट शिक्क्यावर नसते, पण खरी असते. निब वापराने झिजते आणि धरणाऱ्याच्या कलाप्रमाणे झिजते. उजव्या हाताने वीस वर्षं वापरलेली निब गोल राहत नाही; तिला हळूहळू डावं-उजवं येतं. म्हणून वडिलांचं जुनं पेन डावखुऱ्या मुलाला देऊ नये. त्याच्या हातात ते खरखरणार, आणि दोष मात्र हाताला मिळणार. आठवण म्हणून ते कपाटात ठेवा. लिहायला कोरी निब द्या.

तर पहिल्या उत्तराचा निकाल असा : पेनाच्या बहुतेक भागांना डावं-उजवं नाही. जिथे आहे तिथे पाहून घ्यावं. पण अडचण पेनात शोधणं हे चुकीच्या खिशात किल्ली शोधण्यासारखं आहे. मग डावं-उजवं आहे कुठे? ते लिपीत आहे. लिपी चालते एका बाजूला, आरशात ती उलटी होते, आणि ओली शाई तिच्या मागोमाग असते.

देवनागरीत तर ही अडचण दुप्पट होते, आणि हे इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही कारण त्यांना शिरोरेषा नाही. आपण शब्द लिहितो, मग पेन उचलून पुन्हा शब्दाच्या सुरुवातीला जातो आणि डावीकडून उजवीकडे वरची रेघ देतो. डावखुऱ्याचा हात त्या ओल्या शब्दावरून एकदा गेलेला असतो. रेघ देताना तो पुन्हा मागे येतो, पुन्हा पुढे जातो. वर ती शिरोरेषा म्हणजे सगळ्यात लांब ढकलायची रेघ. फासणं आणि खरखर दोन्ही एकाच ठिकाणी. यावर उपाय फुकट आहे. डावखुऱ्या मुलाला शिरोरेषा उजवीकडून डावीकडे देऊ द्या. त्याच्यासाठी ती ओढायची रेघ होते. कागदावर उमटलेली रेघ बघून ती कोणत्या दिशेने दिली हे वाचणाऱ्याला कळतही नाही. ते नाही जमलं, तर अख्खी ओळ संपल्यावर रेघा द्याव्यात. तोवर सुरुवातीचे शब्द वाळतात.

हे नियमाविरुद्ध आहे, असं शिक्षक म्हणतील. पण नियम तरी एकच कुठे होता? आपल्या दप्तरांत शेकडो वर्षं मोडी चालली. मोडी लिहिणारा आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घ्यायचा आणि मग हात न उचलता अक्षरं तिला खाली लटकवायचा. रेघ आधी, अक्षर नंतर. म्हणजे बाळबोधीने रेघ शेवटी दिली काय, मोडीने आधी दिली काय, मराठी मराठीच राहिली. मग एखाद्या पोराने ती उजवीकडून दिली तर काय बिघडतं?

आणि मराठवाड्यातल्या माणसाला तर याहून मोठा पुरावा घरातच मिळेल. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. राज्यकारभाराची भाषा उर्दू, वरचं शिक्षण उर्दूत. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. तुमच्या आजोबा-पणजोबांपैकी जे कुणी त्या काळी शिकले, ते उर्दू लिहीत होते. उर्दू चालते उजवीकडून डावीकडे. आता कल्पना करा. उजव्या हाताचा मुलगा उर्दू लिहितोय. लिहिलेलं उजवीकडे राहतं, हातही उजवीकडेच, म्हणजे हात ओल्या अक्षरांवर. आडवी रेघ त्याला ढकलावी लागते. डावखुऱ्याला मराठी लिहिताना जी अडचण येते, तीच, तंतोतंत. पण म्हणून कुणी म्हटलं का, की उर्दू लिहायला उजवा हात चुकीचा आहे, तो बांधून ठेवा आणि डाव्याने लिहा? उलट, त्याच हातांनी नजर ठरावी अशी उर्दू लिहिली गेली. त्यांनी कागद फिरवला, हात ओळीखाली ठेवला, टीपकागद वापरला. व्यवस्था बदलली, हात नाही. उजव्या हाताला जी सवलत न मागता मिळाली, ती डाव्या हाताने मागितली की हट्ट कसा होतो, हे आम्हाला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

इथून निवडीचा खरा क्रम निघतो. दुकान तुम्हाला आधी पेन दाखवतं. आमचं म्हणणं, पेन सर्वांत शेवटी.

सर्वांत आधी हात आणि वही. डावखुरे तीन तऱ्हांनी लिहितात. काही जण मनगट वरून वळवून, आकड्यासारखा हात करून ओळीच्या वरून लिहितात. शाई फासत नाही, पण मनगट दुखतं आणि निब उलट्या दिशेने टेकते. काही जण हात ओळीवरच ठेवतात. यांचीच कड सर्वांत निळी होते. आणि काही जण ओळीच्या खालून लिहितात. शाईच्या पेनासाठी ही तऱ्हा सर्वांत चांगली. त्यासाठी वही तिरकी ठेवावी लागते, डावीकडचा वरचा कोपरा वर, उजवीकडचा खाली. मग हात आपोआप ओळीखाली येतो, आणि ढकलायच्या रेघा पुष्कळशा ओढायच्या होतात. एवढं जमलं, की जवळपास कुठलंही साधं पेन चालतं. म्हणून आमची शिक्षक मंडळींना हात जोडून विनंती आहे : फेरी मारताना डावखुऱ्याची वही ‘सरळ’ करू नका. तुमच्या दृष्टीने ती वाकडी आहे, त्याच्या दृष्टीने तीच सरळ आहे. आणि बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी मारामारी होणार नाही. कॉलेजात उजव्या हाताशी फळी असलेल्या खुर्च्या असतात. डावखुऱ्याने तिथे अंग पिळून लिहायचं. आम्ही चार वर्षं अशाच खुर्चीवर न्यायशास्त्र शिकलो. न्याय शब्दाचा तो विनोद तेव्हा ध्यानात आला नव्हता.

दुसरं, कागद. इथे गरिबाचा फायदा आहे. गुळगुळीत, चकचकीत, महागडा कागद शाई पीत नाही. ती वर ओली राहते. साधी वही शाई लगेच शोषते. अक्षर थोडं पसरेल, पण हाताला लागणार नाही. टीपकागदाची पट्टी हाताखाली ठेवली की निम्मा प्रश्न संपतो.

तिसरं, शाई. शाई लवकर वाळावी हे फक्त डावखुऱ्यांचं दुखणं नव्हतं, ते धंद्याचंही होतं. १९३१ साली अमेरिकेतल्या पार्कर कंपनीने लवकर वाळणारी म्हणून ‘क्विंक’ शाई आणली. त्याच १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि वड्या करायला घेतल्या. त्यातूनच पुढे आपल्या सगळ्यांच्या दप्तरातली कॅम्लिन उभी राहिली. डावखुऱ्याने रंगाच्या मोहात न पडता वाळण्याकडे बघावं. चमकीच्या आणि फार गडद शाया उशिरा वाळतात. आपल्या वहीवर पाच-सहा रेघा ओढाव्यात, आणि पाच, दहा, पंधरा असे आकडे मोजून एकेकीवरून बोट फिरवावं. कोणत्या आकड्याला बोट कोरडं निघतं ते बघावं. याहून मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

आणि चौथं, पेन. आता इथे खरा पेच आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. बारीक निब शाई कमी सोडते, लवकर वाळते, पण ढकलताना टोचते. जाड निब लोण्यासारखी चालते, पण शाई भरपूर सोडते आणि फासते. उजव्या हाताला दोन्हींतून आवडीने निवडता येतं. डाव्याला देवाणघेवाण करावी लागते. तोडगा समर्थांच्या सल्ल्याजवळच येतो : मध्यम. मध्यमाकडून किंचित बारीककडे झुकलेली, गोल टोकाची, पोलादी, कडक निब. दाबल्यावर फाकणारी लवचीक निब डावखुऱ्या नवशिक्याने घेऊ नये. ढकलताना तिची दोन पाती कागदात अडकतात. जीभ शाई बेताने सोडणारी असावी. पेन हलकं असावं. पकड गोल किंवा दोन्हीकडून सारखी. बाकी सोन्याचा मुलामा, नाव, डबी, हा सगळा लग्नातल्या आहेराचा भाग.

दुकानात जाताना स्वतःची वही न्या. तिथे ठेवलेल्या गुळगुळीत चिठोरीवर गिरगट करून काही कळत नाही. आपलं पूर्ण नाव शिरोरेषेसकट लिहा. मग डावीकडून उजवीकडे सहा रेघा आणि उजवीकडून डावीकडे सहा रेघा ओढा. दोन्हीकडच्या रेघा सारख्याच जाडीच्या आल्या आणि आवाजात फार फरक पडला नाही, तर ते पेन तुमचं. दुकानदार घाई करेल. करू द्या.

दुसरं उत्तर राहिलं : बॉलपेन द्या. याला आम्ही हसत नाही. कांटची कसोटी लावली तर बॉलपेन सर्वांत निर्दोष ठरतं. गोळी कुठेही फिरते. तिला ओढणं आणि ढकलणं एकच. शाई तेलकट, लगेच बसते. पण ते दाबून लिहावं लागतं. तीन तासांच्या परीक्षेत डावखुरा मुलगा आधीच मनगट वळवून बसलेला, वर दाबायचं. शाईचं पेन नुसतं टेकवलं तरी लिहितं. म्हणून उत्तर मुलाने द्यावं. त्याने दोन्ही वापरून बॉलपेन निवडलं, तर ती निवड झाली. ‘तू डावखुरा, तुला शाई झेपणार नाही’ असं म्हणून हातात दिलं, तर ते डावलणं झालं. वस्तू तीच. त्या दोहोंतला फरक हाच आमच्या विषयाचा गाभा आहे.

‘डावलणं’ शब्द आला, तेव्हा भाषेकडेही बघू. एकापेक्षा दुसरा सरस असेल तर आपण त्याला ‘उजवा’ म्हणतो. पक्षपात केला तर ‘डावं-उजवं केलं’ म्हणतो. वगळलं तर ‘डावललं’. पोर बोलायला शिकतं तेव्हाच त्याच्या एका हाताला गुण मिळालेले असतात आणि दुसऱ्याचे कापलेले असतात. आणि याच भाषेच्या आजीकडे, संस्कृतात, अर्जुनाला मोठ्या मानाने ‘सव्यसाची’ म्हटलं आहे. सव्य म्हणजे तिथे डावा. डाव्या हातानेही बाण सोडणारा तो सव्यसाची. गीतेच्या अकराव्या अध्यायात भगवंत त्याला याच नावाने हाक मारतात. रणावर जो हात भूषण ठरतो, तो वर्गात खोड कसा ठरतो?

इथे एक चिठ्ठी आली आहे. लिहिलंय : ‘मुलगा पहिलीत आहे, सगळं डाव्या हाताने करतो. घरचे म्हणतात हात बदला. काय करावं?’ चिठ्ठी लिहिणाऱ्यांचं अक्षर सुरेख आहे, हात कोणता ते कळत नाही.

हे तिसरं उत्तर, आणि त्यावर आमचं मत पक्कं आहे : बदलू नका. आमच्या लहानपणी आमच्या बोटांवर पट्टी बसलेली आहे. कुणी मारली ते सांगण्यात आज काही अर्थ नाही, तेव्हा सगळीकडेच तसं चाले. त्या पट्टीने अक्षर सुधारलं नाही. फक्त लिहायला बसण्याआधी भीती बसू लागली. लिहिताना मुलाचं लक्ष काय लिहायचं याकडे हवं. ते कोणत्या हाताने लिहायचं याकडे गेलं, की विचार तिथेच अडकतो. जेवणाच्या, पूजेच्या रीतीचं तुमच्या घरी काय ते तुम्ही ठरवा. लिहिता हात त्याचा त्याला ठरवू द्या.

हात बदलणं मुळातच अशक्य असतं असं मात्र आम्ही म्हणत नाही. महात्मा गांधींनी ‘हिंद स्वराज’ १९०९च्या नोव्हेंबरात, इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला जाताना ‘किल्डोनन कॅसल’ बोटीवर लिहिलं. हस्तलिखिताची पानं २७५. उजवा हात थकला तेव्हा त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं आणि सुमारे ४० पानं त्या हाताने लिहिली. पुस्तक वाचताना कोणतं वाक्य कोणत्या हाताचं हे सांगता येत नाही. पण हात बदलण्याचा निर्णय त्यांचा होता; पट्टी घेऊन कुणी उभं नव्हतं. आणि आपल्या सचिन तेंडुलकरकडे बघा. बॅट उजव्या हाताची, गोलंदाजी उजव्या हाताची, सही डाव्या हाताने. माणूस आख्खा डावा किंवा आख्खा उजवा नसतोच. ज्या कामाला जो हात धावतो, तो त्या कामाचा हात.

या गावच्या नावातच कुंभार आहे. चाकावरच्या मातीला एक हात आतून लागतो आणि एक बाहेरून. मडकं झाल्यावर त्यातला कोणता हात उजवा होता, हे गिऱ्हाईक विचारत नाही. ते टिचकी मारून आवाज ऐकतं.

तेव्हा पालकांनी घरी जाताना एवढं लक्षात ठेवावं. वही तिरकी, हात ओळीखाली. शिरोरेषा उजवीकडून दिली तरी चालते. साधा, शाई पिणारा कागद. लवकर वाळणारी शाई, आकडे मोजून पारखलेली. आणि मग गोल टोकाची, मध्यमाकडून थोडी बारीक, कडक, कोरी निब असलेलं हलकं पेन. ते दुकानात मुलाच्या हाताने निवडावं, आपल्या नाही. शिक्षकांना आमचं मागणं एकच : पहिले दोन महिने त्याच्या वहीवर ‘फासलेलं अक्षर’ असा शेरा मारू नका. त्या जागी शाई वाळायला वेळ लागतो, असं समजा.

 कुणाच्या वह्या दाखवायच्या असतील तर आम्ही इथेच बसलेलो आहोत.